तपासणीच्या दिवशी

तिसरं पत्र.
पहिली दोन फ्रीजवर, चुंबकाखाली,
पिझ्झावाल्याच्या जाहिरातीशेजारी.
मान्यवर फ्राउ नेस्टलर,
गाडीतलं सॉफ्टवेअर बदलून घ्या,
अर्धा तास लागेल, पैसे पडणार नाहीत.
पुढच्या परिच्छेदात एकही माणूस नाही,
नुसती कलमं.

दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर.
एर्झगेबिर्गच्या या चढांवर
शिडी, ब्रश, साखळीला बांधलेला लोखंडी गोळा
आणि मी, एवढं घेऊन ती चढलीय,
जानेवारीतसुद्धा, कुरकुर न करता.
गॅरेजवाला ल्योट्श म्हणतो, नको करूस.
करून घेतलेले सगळे पस्तावलेत.
लिटरभर डिझेल जास्त खाते, चढावर धापा टाकते,
मग कुठलासा व्हॉल्व्ह काजळीनं बसतो.
काजळी.
मला सांगतोय.

तिची युक्ती आता सगळ्या गावाला ठाऊक आहे.
तपासणीच्या रुळांवर चाकं फिरतात
पण स्टिअरिंग हलत नाही;
तेवढ्यावरून ओळखायची, आज कुणीतरी बघतंय.
मग श्वास आवरून, अगदी साळसूद.
रस्त्यावर येऊन पहिलं वळण घेतलं
की मोकळी.

म्हातारा उलिगही तसलाच.
मी जायच्या दिवशी
दोन वर्षं वाळवलेलं बर्च जाळतो.
अंगण झाडलेलं, टेबलावर खसखशीचा केक.
मी धुराड्यात नळी घालते, आकडा येतो,
आकडा देखणा असतो.
एरवी काय जाळतो ते राखेला विचारावं:
रंग दिलेल्या चौकटी, कपाटाच्या फळ्या,
एकदा तर अख्खी बिजागरी निघाली.
मी ती त्याच्या तळहातावर ठेवली
आणि सहा आठवड्यांची मुदत दिली. लेखी.
तो म्हणाला, बाई, थंडी काही मुदत बघून येत नाही.
केक मात्र बांधून दिला.

ती नोटीस मी लिहिली
गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून,
इंजिन चालू ठेवून,
बोटं गारठली होती म्हणून.

धुराडेवाली दिसली की दिवस चांगला जातो म्हणे.
लोक रस्त्यात थांबवून माझ्या कोटाचं पितळी बटण चोळतात.
नवऱ्या चोळतात, लॉटरीवाले चोळतात,
परवा एक पोरगी, परीक्षेला निघालेली.
आणि मी तेच बटण लावून
गावभर काहीबाही सोडत हिंडते,
डोळ्याला न दिसणारं.
काजळी निदान बोटाला तरी लागते.

चार संध्याकाळी हिशेब मांडला.
लिटरभर गुणिले वर्षाचे किलोमीटर,
अधिक व्हॉल्व्ह, अधिक ल्योट्शची मजुरी.
दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं सुचेना,
हवेचा भाव कुणी कळवला नव्हता.
शेवटी हिशेबानं नाही, रागानं ठरलं.
बारा वर्षं जिच्यात बसून
दुसऱ्यांची प्रमाणपत्रं भरली,
तिनं मला एकदाही सांगू नये?

मंगळवार, सकाळी साडेसात.
शिकाऊ पोरगा केबल घेऊन आला, कानाला वाळी,
जोडायच्या आधी म्हणाला, एक विचारू?
आणि माझं बटण चोळलं.
कुणासाठी, ते मी विचारलं नाही.
अर्धा तास म्हणता पन्नास मिनिटं लागली.

परतताना कारखान्यापाशी चौथा पुरला.
चर्चच्या वर तिसरा.
मग दुसरा, आणि एक उचकी,
तीही कदाचित माझ्या मनाची.
शेवटच्या वळणावर उलिगचं घर,
आज काही त्याची तपासणी नव्हती.
धुराचा रंग बघायला मी थांबले नाही,
असं लिहिणार होते.
थांबले.
काच खाली केली.
इंजिन बंद केलं, आणि मग वर बघितलं.